मियाता-सानचं ‘नाही’

मियाता-सानची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझी मेथी उपटून टाकली त्या दिवशी.

त्सुकुबात शहराच्या कडेला भाजी लावायला जमिनीचे लहान लहान तुकडे भाड्याने मिळतात. नवरा इथल्या एका संशोधन संस्थेत. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून आलो आणि राहिलो ते राहिलोच. मेथीच्या एका मरतुकड्या जुडीसाठी दर खेपेला गाड्या बदलत तोक्योतली भारतीयांची वस्ती, निशी-कसाई, गाठायचा मला कंटाळा आला होता, म्हणून मीही एक तुकडा घेतला. बी रुजलं, कोवळी पानं वर आली, आणि एका सकाळी जाऊन बघते तर वाफा साफ. एक काडी शिल्लक नाही. शेजारच्या वाफ्यात सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्याशा एक बाई मुळ्यांना माती लावत होत्या. मला बघून म्हणाल्या, “तुमच्याकडे तण फार माजलं होतं. मी काढून दिलं.”

“ते तण नव्हतं. भाजी होती ती,” मी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाले.

दुसरी कुणी जपानी बाई असती तर कमरेत वाकून वाकून तिने मलाच लाजवलं असतं आणि संध्याकाळी मिठाईचा खोका घेऊन दारात उभी राहिली असती. या बाईंनी बांधावर टाकलेल्या ढिगातून एक सुकलेलं पान उचललं, हुंगलं, तोंडात टाकलं आणि नीट चावून खाल्लं. मग म्हणाल्या, “कडू आहे, पण चांगलं आहे. उपटलं ही चूक माझी. पाटी लावली नाही ही चूक तुमची.” एवढं बोलून त्यांनी पाल्यासकट एक मुळा उपटून माझ्या हातात दिला आणि पुन्हा कामाला लागल्या. मला आधी राग आला, मग हसू आलं. ही बाई मूळची पुण्याची, काहीतरी घोटाळा होऊन जपानात जन्माला आली आहे, असं मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं.

इथे ‘नाही’ हा शब्द भाषेत आहे, वापरात नाही. दुकानात एखादी वस्तू नसली तरी माणूस नाही म्हणत नाही, दातांच्या फटीतून हवा आत ओढतो, मान कलती करतो आणि “जरा...” म्हणून थांबतो. उरलेलं आपण समजून घ्यायचं. मियाता-सानना नाही म्हणायचं असलं की त्या नाही म्हणत. “ही माझ्या हातची कारल्याची भाजी आवडली का?” “नाही.” संपलं. ‘हो’चंही तेच. “नक्की याल ना?” असं कुणी विचारलेलं त्यांना खपत नसे. “हो म्हटलं ना एकदा? मग ते नक्की कशाला?” हा नुसता स्वभाव नव्हता, त्यांचा धर्मही होता, हे मला पुढे कळलं.

ओळख झाली त्या वर्षी मी त्यांना गणपतीला बोलावलं. म्हणाल्या, “पूजेला येणार नाही. जेवायला येईन.” मला थोडं लागलं, पण निदान जेवणाचं तरी पक्कं झालं. त्या दिवशी आरती आटोपून दार उघडलं तर बाई हातात काकड्यांची पिशवी घेऊन जिन्यात उभ्या. आरती संपायची वाट बघत होत्या. मी ओशाळले. “अहो, एवढा वेळ बाहेर कशाला उभ्या राहिलात?”

“बाहेर उभं राहण्याचं काही वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “आत बोलावणार आहेत हे माहीत असलं की झालं.”

मग आत येऊन त्यांनी तूप मागून घेत पाच मोदक खाल्ले. माझी सायली तेव्हा पहिलीत होती आणि घरातसुद्धा जपानीच बोलायची. तिने विचारलं, “तुम्ही आमच्या देवाचं खाल्लंत तर तुमचा देव रागावणार नाही का?” मियाता-साननी थोडा विचार केला आणि उत्तर दिलं, “देव नाही रागावणार. पोट रागावेल.” सहावा मोदक त्यांनी रुमालात बांधून नेला.

त्यांचा देव राहत होता आमच्या घरापासून सायकलने जाण्यासारख्या अंतरावर, एका बैठ्या लाकडी घरात. माझं माहेर नगरचं. शाळेत माझ्या बाकावरची ख्रिस्ती मैत्रीण चर्चच्या लोकांना ‘आमची मंडळी’ म्हणायची, त्यामुळे मियाता-सानच्या चर्चलाही मी मनात मंडळीच म्हणत आले. ही मंडळी मेनोनाइट. हा ख्रिस्ती लोकांतला एक जुना, लहानसा पंथ आहे. हे लोक हातात शस्त्र धरत नाहीत, शपथ घेत नाहीत, कारण हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, एवढं पुरे असं मानतात, आणि बाप्तिस्मा घेतात तो मोठेपणी, समजून-उमजून. पगारी पाद्री त्यांच्याकडे नव्हता. मातीचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले इशिदा-सान सभा चालवत, कधी ते प्रवचन करत, कधी दुसरं कुणी. मी तिथे गेले ती धर्मासाठी नव्हे. त्यांचा वर्षातून एकदा बाजार भरायचा, त्यात कांदाभजी तळायला मियाता-साननी मला नेलं. मग रविवारच्या एकत्र जेवणालाही मी अधूनमधून जाऊ लागले.

अशाच एका जेवणात मी संडासातून बाहेर आले आणि ताटावर बसायला निघाले, तोच मियाता-सान टेबलापलीकडून खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आपटे-सान, पायांत बघा.” सगळ्यांनी माझ्या पायांत बघितलं. मी संडासातल्या सपाता घालून जेवणघरात आले होते. पुढे कित्येक महिने हा विषय त्यांना पुरला. “रस्त्यावरचे बूट रस्त्यावर, घरातल्या सपाता घरात, संडासातल्या संडासात. माणसाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते त्याच्या पायांकडे बघून कळतं.” सायली हे वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची.

त्या घराच्या दारातून आत गेलं की डाव्या हाताला बुटांचं कपाट होतं. भिंतभर, लहान लहान कप्प्यांचं. कप्प्यांवर नावं नव्हती, पण प्रत्येकाचा कप्पा ठरलेला होता. दर शनिवारी मियाता-सान ओलं फडकं घेऊन एकूण एक कप्पा पुसत, आणि पुसता पुसता कुणी सापडलं तर मंडळीचा सगळा इतिहास त्या कपाटावरून सांगत. मला तो तुकड्यातुकड्यांनी बऱ्याचदा ऐकायला मिळाला.

युद्ध संपल्यानंतर कॅनडाहून एक जोडपं इथे आलं तेव्हा शहर नव्हतंच. पाइनची झाडं आणि भुईमुगाची शेतं. त्यांनी हे घर बांधलं. बाईचे पाय एवढे मोठे की तिचे बूट कप्प्यात मावेनात, म्हणून सुताराने दोन कप्प्यांमधली फळी काढून टाकली. “ती फळी अजून नाही, बघा,” म्हणत मियाता-सान तिथे हात घालून दाखवत. खालच्या रांगेतला पहिला कप्पा न्हाव्याचा. तो युद्धावरून परत आला तेव्हा म्हणाला होता, यापुढे माणसाच्या गळ्याशी नेईन तो फक्त वस्तरा. त्याच्या वरचे कप्पे शेतकरी विधवांचे. त्यांत लाकडी खडावा असत. मग डोंगर खोदावा तशी शेतं खोदून विज्ञाननगरी उभी राहिली आणि कपाटात संशोधकांचे चामडी बूट आले, इंग्रजी शिकायला येणाऱ्या मुलांचे कॅनव्हासचे आले. मुलांना शिवण शिकवणाऱ्या मियाता-सान तेव्हाच आल्या, तरुण आणि अविवाहित, आणि तशाच राहिल्या. एक काळ असा होता की उशिरा येणाऱ्याला बूट पायरीवर काढावे लागत. नंतर मुलं तोक्योला गेली, संशोधकांच्या बदल्या झाल्या, म्हातारे वारले. माणूस गेलं की त्याचा कप्पा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, असा नियम नव्हता. पण कुणी देत नसे. मी जाऊ लागले तोवर बूट असलेले कप्पे दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

गाण्याचंही तेच झालं होतं. पेटी नाही, पियानो नाही. ही मंडळी नुसत्या गळ्याने, चार वेगवेगळ्या सुरांत गात. पुरुष वारत गेले तसे त्यांचे सूर ओस पडू लागले. तेव्हा मियाता-साननी बायकांचा वरचा सूर सोडला आणि त्या पुरुषांचा खालचा सूर गाऊ लागल्या. त्यांचा आवाज मुळातच जाड होता, वयाने आणखी उतरला होता. डोळे मिटून ऐकलं तर तिथे एखादा आजोबा उभा आहे असं वाटे.

कपाटातला वरच्या रांगेतला अगदी उजवीकडचा कप्पा मात्र त्या मुकाट्याने पुसत. त्याची गोष्ट सांगत नसत. एकदा मीच विचारलं, “हा कुणाचा?”

“तो वारलेला नाही,” त्या म्हणाल्या. “यायचा थांबलाय.” आणि फडकं पिळायला आत गेल्या.

ती गोष्ट मला इशिदा-साननी सांगितली, एका दुपारी भांडी पुसताना.

या मंडळीत मतदान नसे. कुठलीही गोष्ट ठरवायची तर सगळ्यांनी “मला हरकत नाही” म्हणायचं. एकाने जरी नाही म्हटलं तरी ठराव होत नसे. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. पण ठराव फेटाळला असंही म्हणायचं नाही. ‘अजून वेळ आलेली नाही’ म्हणून तो बाजूला ठेवायचा. छपराला हिरवा रंग द्यायचा की तपकिरी, यावर दोन पावसाळे गेले होते आणि छप्पर तोवर गळत राहिलं होतं. मला ही पद्धत ऐकून हसू आलं. आमच्या सोसायटीत अशी पद्धत असती तर पाण्याची टाकीसुद्धा बसली नसती.

ओगावा-सान या मंडळीतल्या दुसऱ्या जुन्या बाई. त्यांचा एकुलता एक मुलगा ताकेशी. तो याच घरात वाढला, मियाता-सानच्या हाताखाली बटण लावायला शिकला, आणि मोठा होऊन गेला कुठे, तर जपानच्या संरक्षण दलात. सैन्यच ते. शस्त्र न धरणाऱ्यांच्या मंडळीत जणू बाँबच पडला. तरी लोक चांगले होते. ताकेशीने लग्न इथेच करायची इच्छा सांगितली तेव्हा एकेकाने, कुणी मनापासून कुणी ओढूनताणून, “मला हरकत नाही” म्हटलं. एका आवाजाने “नाही” म्हटलं. तो कुणाचा हे इशिदा-साननी सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

ठराव बाजूला ठेवला गेला. नवरानवरीला काही वेळ येण्याची वाट बघत बसता येईना. त्यांनी एका हॉटेलातल्या शोभेच्या चर्चमध्ये लग्न केलं. तिथे पाद्र्याचा झगा घालून उभा होता तो एक गोरा तरुण; आठवडाभर इंग्रजी शिकवायचा आणि सुटीच्या दिवशी लग्नं लावायचा. ओगावा-सान पहिल्या रांगेत बसून होत्या. आयुष्यभर शपथ न घेणाऱ्या बाईने आपल्या मुलाचं लग्न एका भाड्याच्या पाद्र्यासमोर लागताना बघितलं. पुढच्या रविवारी त्या नेहमीसारख्या मंडळीत आल्या, बूट आपल्या कप्प्यात ठेवले, आपला सूर गायल्या. फक्त मियाता-सानशी तेव्हापासून गरजेपुरतंच बोलू लागल्या. मीठ द्या. खिडकी लावा. थंडी आहे. यालाही तीस वर्षं होऊन गेली होती.

दर रविवारी रस्त्यापलीकडच्या कोनबिनीसमोर, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानासमोर, एक करडी गाडी उभी असे आणि तीत केस पांढरे व्हायला लागलेला एक रुंद खांद्यांचा माणूस डब्यातली कॉफी पीत बसलेला असे. मला बरेच दिवस तो भाड्याचा ड्रायव्हर वाटत होता. तो ताकेशी. दलातून निवृत्त होऊन तो आईजवळ परत आला होता. त्सुकुबात गाडीशिवाय हलता येत नाही, आणि ओगावा-साननी गाडी चालवणं सोडलं होतं. तो आईला दारापर्यंत सोडायचा आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन थांबायचा. उन्हाळ्यात काचा खाली, हिवाळ्यात काचा वर.

मंडळी बंद करायची वेळ आली ती याच सुमारास. छप्पर पुन्हा गळत होतं, जमिनीचा करार संपत आला होता, आणि उरलेल्या माणसांत शिडीवर चढू शकणारं कुणी नव्हतं. सभेत प्रश्न आला. सगळ्यांनी जड आवाजात “मला हरकत नाही” म्हटलं. मियाता-साननीसुद्धा. ओगावा-सान म्हणाल्या, “नाही.”

कारण विचारायचं नव्हतंच. पुढच्या महिन्यात पुन्हा प्रश्न, पुन्हा “नाही.” वर्ष उलटलं. ज्या पद्धतीने त्यांच्या मुलाचं लग्न अडलं होतं त्याच पद्धतीने त्यांनी सगळी मंडळी अडवून धरली होती, आणि तेही रागाने नव्हे, अगदी शांतपणे, मांडीवर हात ठेवून. मियाता-सानना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांची तगमग मी वाफ्यावर बघत होते. “मंडळी हो म्हणून सुरू झाली होती,” त्या म्हणायच्या, “हो म्हणून संपायला हवी. अशीच चालली तर आम्ही एकेक करून मरू, आणि शेवटच्याला हीटर बंद करायलासुद्धा कुणी नसेल.”

मुळ्याची रोपं विरळ करता करता एकदा त्यांनी मला त्यांच्या धाकट्या बहिणीचं सांगितलं. ती उत्तरेला समुद्राकाठच्या गावात राहायची. मोठ्या भूकंपानंतर त्सुनामी आली तीत ती गेली. मियाता-सान तिला शोधायला गेल्या तेव्हा एका शाळेच्या व्यायामशाळेत तिला ठेवलेलं होतं. चिखलातून तिला बाहेर काढलं होतं ते संरक्षण दलाच्या मुलांनी.

“अगदी पोरं होती,” त्या म्हणाल्या. “गणवेश छातीपर्यंत चिखलाने भरलेला. मला चेहरा दाखवण्याआधी त्यातला एक म्हणाला, जरा थांबा. गुडघ्यांवर बसला आणि त्याने आपल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी घालून तिचे पाय पुसले. बोटांच्या मधेमधेसुद्धा. मग चादर बाजूला केली.”

हातातली ओळ संपवून मी विचारलं, “ओगावा-सानना हे सांगितलंत का तुम्ही?”

“नाही.”

“का नाही?”

“मी नाही म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “हो म्हणायचं ते कसं आणि नाही म्हणायचं ते कसं, एवढं आम्हांला शिकवलं. नाही परत घ्यायचं कसं ते कुणी शिकवलं नाही.” उपटलेली रोपं त्यांनी मुठीत धरली होती. मला त्यांची त्या क्षणी फार दया आली, आणि थोडा रागही आला.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी दुपारी या मंडळीत एकमेकांचे पाय धुवायची पद्धत होती. येशूने शिष्यांचे धुतले म्हणून. बायका बायकांचे, पुरुष पुरुषांचे. जोडीजोडीने बसायचं, एकाने धुवायचे, मग जागा बदलून दुसऱ्याने. पूर्वी बायका पुष्कळ होत्या तेव्हा मियाता-सान आणि ओगावा-सान खोलीच्या दोन टोकांना बसत. मग तीनच बायका उरल्या, तेव्हा नोमुरा-सान नावाच्या गरीब स्वभावाच्या बाई मधे बसत. आधी मियाता-सानशी जोडी करत, नंतर ओगावा-सानशी. त्या वर्षी नोमुरा-सान मुलीकडे राहायला गेल्या. उरल्या दोघीच.

मियाता-सान वाफ्यावर मला म्हणाल्या, “रविवारी याल का? मधे बसायला कुणी नाही.” आणि लगेच पुढे, “इशिदा-सानना विचारलंय. कुणाचीच हरकत नाही.”

ज्या बाईने उभ्या आयुष्यात आडवळणाचं बोलणं केलं नाही, तिने हा आडमार्ग शोधला होता. मला कळलं. तरी मी हो म्हटलं. थोरांचे पाय धुवायचे, यात मला काय अवघड? आमच्याकडे लग्नात जावयाचेसुद्धा धुतात. पाळी उलटही येते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी पुरुष एका बाजूला, आम्ही तिघी खिडकीपाशी. प्लॅस्टिकची निळी घमेली, कोमट पाणी, पांढरे पंचे. सगळे हलक्या आवाजात गात होते. मियाता-साननी मला खुर्चीवर बसवलं, कमरेला पंचा गुंडाळला आणि खुर्चीचा आधार घेत घेत, गुडघे कुरकुरत, माझ्यासमोर खाली बसल्या. गाणं चालूच होतं, त्यांचा तो आजोबांसारखा सूरही. त्यांनी माझ्या पायाला हात घातला, आणि मी दोन्ही पाय वर ओढून घेतले.

मी ठरवून केलं नाही. आईच्या वयाच्या बाईने आपल्या पायाला हात लावायचा, हे माझ्याच्याने होणारच नव्हतं. “मी तुमचे धुते,” मी घाईघाईने म्हणाले. “माझे नको.”

“दोन्ही करायचं असतं,” त्या म्हणाल्या. “नुसतं धुणं म्हणजे अर्धंच.”

“नाही,” मी म्हणाले.

इतक्या वर्षांत मी जपानीत पहिल्यांदाच कुणाला सरळ नाही म्हटलं, आणि म्हटलं तेही त्यांना. मियाता-सान माझ्याकडे बघत राहिल्या. गाणं थांबलं. त्यांना उठता येईना, मला बसता येईना. मी खुर्चीवर उकिडवी, पाय पोटाशी, सर्कशीतल्या माकडासारखी. कारण कुणी विचारलं नाही. तिथली पद्धतच तशी. मी हळूच खुर्चीवरून उतरून बाजूला झाले.

ओगावा-सान आपल्या जागेवरून उठल्या. सावकाश आल्या, रिकाम्या खुर्चीवर बसल्या आणि वाकून मोजे काढू लागल्या. “पाणी गार होतंय,” त्या म्हणाल्या.

मियाता-सानचे हात पाण्यात होते ते तसेच राहिले. मग त्यांनी एका तळहातावर ओगावा-सानची टाच घेतली. दुसऱ्या हाताने पसाभर पाणी घातलं. पुन्हा घातलं. घोटा, तळवा, मग एकेक बोट, बोटांच्या मधेमधे. बाकीच्यांचं केव्हाच उरकलं होतं, तरी त्यांचं चाललंच होतं. तो व्यायामशाळेतला मुलगा मला आठवला, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. दुसरा पाय पुसून झाल्यावर मी आणि इशिदा-साननी मिळून मियाता-सानना उभं केलं. मग ओगावा-सान खाली बसल्या आणि त्यांनी मियाता-सानचे पाय धुतले. पुसताना म्हणाल्या, “टाचा भेगाळल्यात तुमच्या. मलम लावा.”

तीस वर्षांत गरजेबाहेरचं बोललेलं ते पहिलं वाक्य असावं.

पाणी मोरीत ओतून झालं, सगळ्यांनी सपाता घातल्या, आणि महिन्याची सभा सुरू झाली. इशिदा-सान मंडळी बंद करण्याचा प्रश्न काढणार, तेवढ्यात मियाता-सान म्हणाल्या, “त्याआधी एक जुना प्रश्न आहे. बाजूला ठेवलेला. तो घ्या.”

“कुठला?” इशिदा-साननी विचारलं. त्यांना कळला होता, पण विचारावं लागतं.

“ताकेशीच्या लग्नाचा,” मियाता-सान म्हणाल्या. “मला हरकत नाही.”

कुणीतरी घसा खाकरला. मग कोपऱ्यातले एक म्हातारे हळूच म्हणाले, “नवरानवरीची मुलगी कॉलेजात जाते.” आणि दोघं-तिघं हसले, रडू आवरताना हसतात तसे. इशिदा-साननी पद्धतीप्रमाणे एकेकाला विचारलं. मला हरकत नाही. मला हरकत नाही. ओगावा-सानपाशी आल्यावर ते थांबले. ओगावा-सान खिडकीबाहेर बघत होत्या. पलीकडे करडी गाडी नेहमीसारखी उभी होती. “त्याला कुणीतरी सांगायला हवं,” त्या म्हणाल्या.

मियाता-सान उठल्या होत्याच.

पुढच्या महिन्यात मंडळी बंद झाली, सगळ्यांच्या होकाराने. ओगावा-साननी सर्वांत आधी हरकत नाही म्हटलं. घर पाडलं. बुटांचं कपाट आता आमच्या भाजीच्या वाफ्यांशेजारच्या टपरीत आहे. त्यात लोक खुरपी आणि बियांची पाकिटं ठेवतात, आणि माझ्या मेथीला आता पाटी असते. मियाता-सान उत्तरेला भाचीकडे गेल्या आणि पुढच्या हिवाळ्यात वारल्या. जायच्या आधी भेटल्या, बोलल्या, मुळे देऊन गेल्या. पण त्या डोळ्यांसमोर येतात त्या तशा नाहीत, त्या दुपारच्या येतात.

आम्ही सगळे खिडकीशी जमलो होतो. मियाता-सान दारातून बाहेर पडल्या, फाटक उघडलं, रस्ता ओलांडून गाडीपाशी गेल्या आणि त्यांनी काचेवर टकटक केलं. काच खाली आली. त्या काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग दार उघडलं आणि तो रुंद माणूस बाहेर आला.

परत येताना सिग्नल लाल होता. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा, रविवारची दुपार, एक गाडी नाही. तरी दोघं शेजारी शेजारी उभे राहून हिरव्याची वाट बघत होते. ताकेशीची मान खाली गेली, तो त्यांच्या पायांकडे बघतोय असं मला वाटलं, म्हणून मीही बघितलं. मियाता-सानच्या पायांत घरातल्या सपाता होत्या.